थायरॉईडचा रिपोर्ट कसा वाचावा : आधी नाडी, मग आकडे

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणी ना कुणी रिपोर्टचं पाकीट किंवा मोबाइलवरची पीडीएफ घेऊन दारात येतं. मी डॉक्टर नाही. चौदा वर्षं हायपोथायरॉईडची, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंद पडल्याची, गोळी घेतेय, सासूबाई त्याहून जास्त वर्षं घेतायत, त्यामुळे घरातच वर्षाला चार-सहा रिपोर्ट येतात आणि वाचायची सवय झालीय. येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काकू, थायरॉईड वाढलाय."

हे वाक्य आधी टाकून द्या. आपल्याकडे कुणी म्हणतं थायरॉईड वाढलाय, तेव्हा त्याला टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) वाढलाय असं म्हणायचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात ग्रंथी मंद झालेली असते. कुणाचं खरंच हार्मोन वाढलेलं असतं, म्हणजे बरोब्बर उलटा आजार. आणि कुणाच्या गळ्याशी ग्रंथी सुजलेली असते, तरी शब्द तेच. पहिल्या दोघांची औषधं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून घरातसुद्धा "टीएसएच इतका, फ्री टी४ इतकं" असंच बोला. टी४ आणि टी३ ही ग्रंथीची हार्मोन्स, आणि फ्री म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं.

रक्त देताना

दर वेळी सकाळी साधारण एकाच वेळेला आणि जमलं तर एकाच लॅबमध्ये द्या. टीएसएच रात्री ते पहाटे चढलेला असतो आणि दुपारी उतरतो. त्या दिवशीची गोळी पर्समध्ये ठेवा, रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी४ वर गेलेलं दिसतं. डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे थांबा. मोठ्या तापातून उठल्या-उठल्या किंवा नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी थायरॉईड तपासू नका. पोट रिकामं राहिलं की टी३ आपोआप खाली येतं आणि उगाच घबराट होते.

पॅकेजमध्ये बहुतेकदा टोटल टी३, टोटल टी४ असतं. मी फ्री टी४ मागून घेते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे टोटलचा आकडा फुगतो.

आधी मनगट धरा

पाकीट उघडण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. मग दोन्ही हात पुढे करून बोटं पसरा, थरथरतात का पाहा. उकडतंय की थंडी वाजतेय, पोट साफ होतंय की चार-चार दिवस अडतंय, हे कागदावर लिहून काढा. आकडे बघितल्यावर माणूस लक्षणं आकड्यांना जुळवून सांगायला लागतो. म्हणून आधी लिहायचं. हे मी का इतक्या हट्टानं सांगतेय ते पुढे येईलच.

टीएसएच आणि फ्री टी४ जोडीनंच वाचा

ऊसतोडीच्या फडात टोळी मंदावली की मुकादमाचा आवाज चढतो. टोळी भरात असली की तो गप्प बसतो. टीएसएच हा मुकादमाचा आवाज आहे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतो. गळ्यातली ग्रंथी जे काम करते ते टी४ आणि टी३. नुसत्या आवाजावरून गाडीत किती मोळ्या पडल्या ते कळत नाही, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

टीएसएच जास्त आणि फ्री टी४ कमी, तर ग्रंथी थकली आहे. टीएसएच अगदी खाली आणि फ्री टी४ जास्त, तर हार्मोन जरुरीपेक्षा जास्त फिरतंय. हे दोन सोपे. लोक अडकतात ते तिसऱ्यात, टीएसएच थोडा जास्त पण टी४ अगदी ठीक. मोठ्या माणसांसाठी बऱ्याच लॅब साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी टीएसएचची मर्यादा छापतात. ५.८ आला, समोर ठळक अक्षर दिसलं, की घरात रडारड सुरू. टी४ जरासं घसरलं तरी पिट्युटरी जोरात ओरडते. टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीच्या आसपास जातो. त्यामुळे ३.१ चा ४.६ होणं ही बातमी नव्हे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी) करा. टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. वय झालेल्यांचा टीएसएच थोडा चढाच असतो. सासूबाईंच्या वयाला पंचविशीतल्या मुलीचा आकडा लावायला जाऊ नका. गरोदर बाईला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि तिनं थांबायचं नसतं, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

चौथी जोडी क्वचित दिसते, पण ती सुटली तर महागात पडते : टी४ कमी आणि टीएसएच नॉर्मल किंवा कमी. इथे मुकादमाचाच घसा बसलेला असतो, दोष पिट्युटरीत असू शकतो. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं, नंतर दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, अशा बाईचा नुसता टीएसएच बघून "नॉर्मल आहे" म्हणणं चूक आहे.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी केस फार गळायला लागले म्हणून मी केस-नखांच्या गोळ्या सुरू केल्या. डब्यावर बायोटिन दहा हजार मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची असते. बायोटिन म्हणजे व्हिटॅमिनच, त्याचा काय त्रास, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. सहामाही रिपोर्ट आला : टीएसएच ०.०८, फ्री टी४ मर्यादेच्या बरंच वर. डोस जास्त होतोय असं ठरलं आणि माझी १०० मायक्रोग्रॅमची गोळी ५० वर आली. पुढच्या दोन महिन्यांत चेहरा सुजला, आवाज जाडा झाला, बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मार्चच्या उन्हात मी पंखा बंद करून बसलेली बघून जाऊबाई म्हणाल्या, "हार्मोन जास्त झालंय म्हणतीस, आणि अंगावर शाल?"

दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी नाडी धरली. ५४. हार्मोन जास्त असलेल्या माणसाची नाडी सहसा पळत असते. त्यांनी विचारलं, "ताई, थायरॉईडशिवाय आणखी काय काय घेता?" बायोटिन बंद करून आठवड्यानं रक्त दिलं, तर टीएसएच २७.

कारण असं की बऱ्याच मशिनमधली चाचणी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाच्या घट्ट पकडीवर चालते. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते ती पकड अडवतं. मग टीएसएच खोटा कमी दिसतो आणि फ्री टी४, टी३ खोटं जास्त. म्हणजे एकाच वेळी दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात, आणि जोडी वाचणारा माणूससुद्धा फसतो. त्याच पद्धतीच्या मशिनवर व्हिटॅमिन बी१२ आणि डी खोटं जास्त, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला, २०१९ मध्ये पुन्हा दिला. हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणीही यामुळे चुकते. सगळ्या मशिनना हे लागू नाही, पण कोणतं मशिन आहे ते आपल्याला कुठं माहीत असतं! रक्त देण्याआधी निदान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवा. मी तीन दिवस ठेवते. डॉक्टरांनी मुद्दाम फार मोठा डोस दिला असेल तर किती दिवस थांबायचं ते त्यांनाच विचारा. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्याची मागची बाजूही वाचा, तिथंही बायोटिन असतं.

आणि डोस मनानं कमी-जास्त करू नका. माझा तर सल्ल्यानं बदलला होता, तरी अंगावर यायचं ते आलंच.

अँटी-टीपीओ

एकदा पॉझिटिव्ह आलं की हाशिमोटोची, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतं त्या आजाराची, शक्यता कळली. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली हा आजार मांडला. दर सहा महिन्यांनी त्यावर पैसे घालवायची गरज नाही, आकडा उतरला-चढला म्हणून गोळी बदलत नाही.

डी, बी१२, फेरिटिन

ही सोबत तपासायची, कारण थकवा, केसगळती, हातापायाला मुंग्या ही लक्षणं थायरॉईडचीही असतात आणि यांचीही. टीएसएच जागेवर येऊनही बाई दमलेलीच असेल तर कधी कधी उत्तर इथं सापडतं. पण डी भरून काढलं म्हणून थायरॉईडची गोळी सुटेल, असं रंकाळ्यावर फिरताना कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

डीची चाचणी २५-हायड्रॉक्सी नावाचीच हवी. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, २० ते ३० काठावर. एकक नॅनोमोल छापलं असेल तर अडीचनं भागा. साठ हजार युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एक, ठरावीक आठवडेच असते. आमच्या गल्लीत एकांनी ती रोज घेतली होती. असं केलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

बी१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली कमी, २०० ते ३०० संशयास्पद. "गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितो, मला कसं कमी?" असं एक काका तावातावानं विचारत होते. दुधात बी१२ असतं, पण ते शोषायला जठरातलं एक प्रथिन लागतं, आणि ज्यांच्या शरीरानं स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला केलाय त्यांच्यातल्या काहींचं शरीर जठरावरही तोच हल्ला करतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्याही बी१२ खाली आणतात. जैन आणि माळकरी घरांत तर हे तपासायलाच हवं. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा संपत आलाय. ताप किंवा सूज असताना ते खोटं चांगलं दिसतं. थायरॉईड हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं.

आयोडीनचे थेंब नकोत. हाशिमोटोत जास्तीचं आयोडीन ग्रंथीला आणखी बिघडवू शकतं. रोजच्या जेवणात पुडीतलं आयोडीनयुक्त मीठ पुरतं. १९६२ पासूनचा देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्याच मिठावर उभा आहे. फक्त वर्षभराचं तिखट आणि लोणचं खडे मिठात, उपास सैंधवावर आणि वर रोजही तेच, असं असेल तर रोजचं मीठ आयोडीनयुक्त करा. थायरॉईडला कोबी चालत नाही म्हणतात, पण शिजवलेला खुशाल खा.

गोळ्यांची वेळ

कमतरता निघाली की लोह आणि कॅल्शियम सुरू होतं, आणि तिथंच पुढचा रिपोर्ट बिघडतो, कारण दोन्ही थायरॉईडच्या गोळीला आतड्यात अडवून धरतात. मध्ये चार तास हवेत. आमच्या घरी सासूबाई पहाटे काकडआरतीच्या वेळेला उठतात, तेव्हाच साध्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, चहा तासाभरानं, लोह दुपारी लिंबू-पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. हे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय आणि त्याच्याच खाली प्रत्येक रिपोर्टची तारीख, टीएसएच, फ्री टी४, तेव्हाचा डोस आणि त्या सकाळची नाडी लिहिलेली आहे. डॉक्टरांकडे जाताना तोच कागद काढून न्यायचा.