कृत्तिकांजवळून जाणारा शुक्र कॅमेऱ्यात कसा टिपायचा

शुक्राचं एक संयुतिचक्र, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या संदर्भात तो पुन्हा त्याच स्थितीत येण्याचा काळ, सुमारे ५८४ दिवसांचं. अशी पाच चक्रं झाली की जवळजवळ बरोबर आठ वर्षं भरतात, म्हणून दर आठ वर्षांनी एप्रिलच्या सुरुवातीला संध्याकाळचा शुक्र कृत्तिका या तारकापुंजाला अगदी खेटून जातो. २०१२ आणि २०२० मध्ये तो असा गेला. पुढची खेप एप्रिल २०२८ ची. तयारी आधीच करून ठेवावी, कारण शुक्र दिवसाला साधारण एक अंश सरकतो आणि खरी जवळीक एक-दोन संध्याकाळच टिकते.

अडचण एकच आहे, पण मोठी आहे. त्या वेळी शुक्राची प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) उणे ४.४ च्या आसपास असते आणि कृत्तिकांमधला सर्वांत ठळक तारा अल्सायनी २.९ प्रतीचा. म्हणजे शुक्र त्याच्या आठशे पट तेजस्वी. तारे नीट उमटतील इतका वेळ शटर उघडं ठेवलं की शुक्राचा पांढरा गोळा होतो. शुक्र सांभाळला तर तारे गायब. एकाच फ्रेममध्ये दोन्ही साधायचा हट्ट सोडा आणि सुरुवातीपासूनच दोन वेगळ्या मालिका घ्यायचं ठरवा.

कृत्तिकांचे ठळक तारे सुमारे एका अंशात मावतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्सची चौकट साधारण १० बाय ७ अंशांची मिळते. एपीएस-सी या लहान सेन्सरवर हीच लेन्स आणखी घट्ट चौकट देते. बहुतेकांना २०० ते ३०० मिमी पुरेशी आहे.

चौकट लावताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात. शुक्र एका बाजूला, पुंज दुसऱ्या बाजूला आणि मध्यबिंदू बरोबर दोघांच्या मधे. दिसायला छान, पण लेन्सच्या आतल्या परावर्तनामुळे शुक्राची जी फिकट भूतप्रतिमा उमटते, ती बहुधा मध्यबिंदूच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर पडते, म्हणजे थेट कृत्तिकांवर. म्हणून दोघांनाही मध्याच्या एकाच बाजूला ठेवा. लेन्सवरचा यूव्ही किंवा संरक्षक फिल्टर काढून टाका. भूतप्रतिमांचा सर्वांत मोठा कारखाना तोच असतो.

फोकस शुक्रावर करू नका. त्याच्या झगमगाटात नेमका बिंदू कळत नाही. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करून रोहिणीवर किंवा अल्सायनीवर मॅन्युअल फोकस लावा, तारा सर्वांत बारीक दिसला की रिंगवर चिकटपट्टी लावा. हवा गार होत गेली की फोकस सरकतो, त्यामुळे अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. ट्रायपॉडवर इमेज स्टॅबिलायझेशन बंद, फाइल रॉ, शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने.

एफ/२.८ ची लेन्स असली तरी एफ/४ वर आणा. कडेचे तारे सुधारतात. मात्र लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान केलं की शुक्राभोवती किरणं फुटतात. छिद्राची पाती सम संख्येची असतील तर तितकीच किरणं, विषम असतील तर दुप्पट. किरणं नको असतील तर लेन्स पूर्ण उघडी ठेवा.

आकाश पुरेसं अंधारलं की ताऱ्यांची मालिका सुरू करा, पण फार थांबू नका. शुक्र क्षितिजाकडे झुकला की धूसर हवेत दोघांचंही तेज मंदावतं. ट्रॅकर (आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर एक्स्पोजर फार वाढवता येत नाही. चार मायक्रॉनचे पिक्सेल आणि २०० मिमी लेन्स धरली तर एका सेकंदात तारे तीन पिक्सेलांहून अधिक सरकतात. तेव्हा आयएसओ ३२०० वर अर्धा ते एक सेकंद, अशा शंभर-दीडशे फ्रेम घ्या. ट्रॅकर असेल तर आयएसओ ८०० वर ३० ते ६० सेकंद. आकाश काळं असेल तर ताऱ्यांभोवतीची निळी तेजोमेघाची झाकही येऊ लागते. शेवटी झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरच्या वीसेक डार्क फ्रेम घ्या, सेन्सरचा गोंगाट नंतर वजा करायला.

शुक्राची मालिका या सगळ्याच्या मध्यावर, एका मिनिटात उरका: आयएसओ २०० वर १/४ सेकंदापासून १/१००० पर्यंत, एकेक स्टॉप उतरत, म्हणजे दर वेळी वेळ निम्मा करत. घाई यासाठी की ताऱ्यांच्या तुलनेत शुक्र मिनिटाला सुमारे अडीच विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ताऱ्यांवर जुळवून अर्ध्या तासाचं स्टॅकिंग, म्हणजे अनेक फ्रेमची एक करणं, केलं तर तो वर सांगितलेल्या लेन्सवर अठरा-एकोणीस पिक्सेल लांबट होतो. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळणं) वापरलं तर त्याच्या कडाही कुरतडल्या जातात. दोष ट्रॅकरचा समजून लोक तासन्‌तास ध्रुवजुळणी (ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं) करत बसतात. शुक्र खरोखरच चाललेला असतो.

मग ताऱ्यांच्या स्टॅकवर शुक्राची एक छोटी फ्रेम लेयर म्हणून ठेवा, मधल्या वेळेच्या जागी जुळवा आणि मऊ कडेच्या मास्कने मिसळा. शुक्राला अगदी ठिपक्याएवढा करू नका. डोळ्यांना तो ताऱ्यांहून कितीतरी मोठा भासतो, आणि ते प्रमाण बिघडलं की चित्र खोटं वाटतं. या लेन्सवर त्याची अर्धगोल कोर शोधू नका. २५ विकलांची ती तबकडी जेमतेम सहा पिक्सेल भरते.

ढगांचा भरवसा नसतो, म्हणून जवळिकीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन संध्याकाळीही त्याच लेन्सने, त्याच वेळी फ्रेम घेऊन ठेवा. कृत्तिकांवर जुळवून त्या एकत्र केल्या की शुक्राची वाट एकाच चित्रात उमटते.