जुन्या कंदिलात काय घालायचं? पुण्यात रॉकेल शोधणाऱ्यांसाठी

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की कंदील नजरेला पडतातच. कधी ओगलेवाडीचा प्रभाकर, कधी पोचे पडलेला जर्मन फॉयरहँड, आणि नशीब जोरावर असेल तर पितळी टाकीची पेट्रोमॅक्स. घासाघीस करून दिवा घरी येतो आणि मग प्रश्न पडतो, यात घालायचं काय? दुकान गाठण्याआधी दिवाच उलटसुलट करून बघा. कुठलं इंधन चालेल ते बर्नर ठरवतो, दुकानदार नाही.

चपटी सुती वात आणि ती वरखाली करायची चावी असेल तर तो साधा कंदील. त्याला फक्त रॉकेल. वात नाही, पण टाकीला पंप आहे आणि वर मेंटल (तापून उजेड देणारी जाळीची पिशवी) बांधायची जागा आहे, तर ती गॅसबत्ती. तिच्यात दोन जाती. काचेच्या आत, रॉकेलची वाफ करणाऱ्या नळीच्या बुडाशी ती तापवायचं स्पिरिट ओतायची छोटी वाटी असेल तर बत्ती रॉकेलची: पेट्रोमॅक्स अशीच. ब्रिटिश टिली आणि व्हेपलक्सही रॉकेलच्याच. जुन्या अमेरिकन कोलमनच्या बहुतेक मॉडेलांना ही वाटी नसते. त्या नॅफ्थ्यावर, म्हणजे कसलीही भर न घातलेल्या पेट्रोलसारख्या हलक्या इंधनावर चालतात. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते जुनी रबरी वायसरं फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे असली कोलमन पुण्यात शोभेला ठेवलेलीच बरी. हौस दांडगी असेल तर रॉकेलवर चालणारं 201 हे मॉडेल शोधा.

नावांचा घोळ मात्र भल्याभल्यांना फसवतो. जर्मन दिव्यावर ‘पेट्रोलियम’ असं कोरलेलं असतं. त्याचा अर्थ पेट्रोल नव्हे, रॉकेल. ब्रिटिश बत्तीवरचं ‘पॅराफिन’ म्हणजेही रॉकेलच. पण तो शब्द वाचून औषधाच्या दुकानातून ‘लिक्विड पॅराफिन’ आणाल तर हाती येईल बद्धकोष्ठावरचं जाड, बुळबुळीत तेल. ते वातीवर चढतच नाही. गोडं तेलही चालत नाही, त्याचं कारण हेच. समईत वात तेलात लोळते आणि ज्योत तेलापासून बोटभर अंतरावर असते. कंदिलात टाकीच्या तळापासून ज्योतीपर्यंत आठ-दहा सेंटीमीटरची चढण आहे. तेवढं चढायला इंधन पातळच हवं.

पातळ हवं म्हणून कोणी पेट्रोल सुचवलं तर तिथेच थांबवा. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला साधारण 38 अंश तापमान लागतं. पेट्रोलला उणे 40 च्या आसपासही तेवढी वाफ धरते. कंदिलाची टाकी ज्योतीच्या खाली असते आणि तासाभरात कोमट होते. आत पेट्रोलची वाफ असेल तर तो दिवा राहत नाही, बॉम्ब होतो. ‘रॉकेलमध्ये चमचाभर पेट्रोल टाकलं की उजेड वाढतो’ हा सल्ला त्याच जातीचा. डिझेलने स्फोटाची भीती कमी, पण काजळी अशी धरते की अर्ध्या तासात काच काळी आणि वातीचं टोक डांबरासारखं. रंगाच्या दुकानात रॉकेलऐवजी टर्पेंटाइन पुढे करतात. तेही नको, धूर करतं, आणि खनिज टर्पेंटाइन बहुधा रॉकेलपेक्षा लवकर पेटतं.

आता रॉकेल मिळवायचं कुठून? रेशनच्या निळ्या रॉकेलचा नाद सोडा. भेसळ ओळखू यावी म्हणून त्यात निळा रंग घालतात, आणि तोच रंग वातीत व बत्तीच्या नळीत साचत जातो. तुम्हाला हवं ते खुल्या विक्रीचं पांढरं रॉकेल. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास, आणि पेठांमधल्या रंगाच्या, हार्डवेअरच्या जुन्या दुकानांत नुसतं ‘रॉकेल’ न म्हणता ‘पांढरं रॉकेल, दिव्यासाठी’ असं विचारा. यंत्राचे भाग धुवायला विकतात ते वेगळं निघू शकतं. सीलबंद बाटली मिळाली तर सुट्यापेक्षा तीच घ्या. सीलबंद ‘लॅम्प ऑइल’ महाग पडतं, पण वास कमी आणि काजळीही कमी. ते वातीच्या कंदिलासाठीच आहे ना, हे लेबलवर वाचून घ्या. बागेतल्या मशालींचं तेल जाड असतं.

आणलेलं रॉकेल लगेच ओतू नका. आधी पारदर्शक काचेच्या बाटलीत रात्रभर उभं ठेवा. सकाळी तळाशी थेंबथेंब किंवा गढूळ पट्टा दिसला तर ते पाणी. वरचं अलगद ओतून घ्या, तळाचं दोन बोटं सोडून द्या आणि चार पदरी मलमलीतून गाळा. मग एक थेंब कोऱ्या पांढऱ्या कागदावर टाका. चांगलं रॉकेल काही तासांत उडून जातं. दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग दिसत असेल तर डिझेल किंवा जड तेल मिसळलेलं आहे. उलट्या बाजूची, म्हणजे पेट्रोल-थिनरची भेसळ वासावरून कळते. बाटली उघडताच नाकात झणका गेला आणि बोटावरचा थेंब फुंकर मारल्यासारखा गार लागून उडाला, तर ते रॉकेल दिव्यात घालू नका.

साध्या कंदिलाचं बाकी काम सोपं. वातीची खाच मोजून तेवढ्याच रुंदीची वात घ्या. नवी वात घातल्यावर टाकी पाऊण भरा आणि अर्धा तास काडी लावू नका. कोरडी वात पेटवली की इंधनाऐवजी वातच जळते. टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवा, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. रॉकेल चांगलं असूनही ज्योत तडतडत असेल तर वातीने पाणी प्यायलं आहे. पावसाळ्यात गडावर नेलेल्या कंदिलात हे हमखास होतं. वात काढून कडक उन्हात वाळवा, नाहीतर बदला.

पेट्रोमॅक्सला दोन इंधनं लागतात. टाकीत रॉकेल, आणि नळी तापवायला स्पिरिट. 500 मेणबत्त्यांच्या मोठ्या मॉडेलची टाकी सुमारे एक लिटरची असते. तिच्यात पाऊण लिटरच घाला, वरची जागा हवेच्या दाबासाठी. स्पिरिट घ्यायचं ते लाखेच्या पॉलिशला वापरतात ते; रंगवाल्यांकडे मिळतं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं.

वाटीत 10 ते 15 मिली, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे स्पिरिट घाला, हवा सोडायचा स्क्रू उघडा ठेवा आणि काडी लावा. स्पिरिट निळसर जळतं, दिवसा दिसतही नाही, म्हणून हात लांब. दोनेक मिनिटांत ते संपत आलं की स्क्रू बंद करून हळूहळू पंप मारा. मेंटल पांढरंशुभ्र झालं की दाबाचा काटा लाल रेघेपर्यंत न्या. मेंटलऐवजी पिवळा भडका उठला तर नळी पुरेशी तापलेली नाही आणि कच्चं रॉकेल वर येतंय. ताबडतोब स्क्रू सैल करून हवा सोडा, सगळं विझू द्या, थंड होऊ द्या, मगच पुन्हा स्पिरिट. गरम वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतू नका. ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. उजेड धडधडत कमी-जास्त होत असेल तर बत्तीचं चाक एक फेरा फिरवून नळीच्या टोकाचं भोक साफ करणारी पिन मारा. तरीही तेच, तर रॉकेलमध्ये पाणी आहे किंवा नळीत कार्बन बसला आहे. पंप पोकळ लागत असेल तर चामड्याचं वायसर सुकलेलं असतं. मशीनचं तेल दोन थेंब लावलं की बहुतेक वेळा दाब धरतं.

तंबूत किंवा बंद खोलीत यातलं काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रेल्वेने ट्रेकला जाणार असाल तर रॉकेल बरोबर नेता येत नाही, गाडीच करा, आणि डबा डिकीत उभा बांधा.

साठवण दोन लिटरच्या वर नको. पांढरं रॉकेल दिसायला हुबेहूब पाणी, म्हणून पाण्याच्या बाटलीत ते कधीच भरू नका. पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा, वर मोठं नाव, आणि जागा मुलांच्या हाताबाहेरची. कोणी चुकून प्यायलंच तर उलटी काढायला लावू नका, थेट दवाखाना गाठा. वर्षभर पडून पिवळं झालेलं, आंबूस वासाचं रॉकेल दिव्यात घालू नका. गंजलेले नटबोल्ट भिजवायला ते उत्तम.