दिवाळीच्या टोपलीत मध कबूल करू नका

कोल्हापूर शहरातल्या घरांकडून हंगामाआधी पैसे घेऊन दर आठवड्याला भाजी-धान्याची टोपली पोचवणाऱ्या शेतांवर दसऱ्यापासून एकच तगादा असतो, मध कधी देताय? सभासदांना सरळ सांगावं, दिवाळीत नाही. सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्यांनी सगळा पावसाळा उपासमारीत काढलेला असतो. आता कारळ्यावर आणि पुढं तुरीवर जे मिळेल, त्यावर आधी पिल्लं वाढायची आहेत. मधकोठीतल्या, म्हणजे पेटीच्या वरच्या मध साठवायच्या कप्प्यातल्या, पोळ्याची निदान तीन चतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्याशिवाय मध काढायच्या यंत्राला हात लावू नका. उघड्या घरांतला मध पातळ असतो, पाणी 20 टक्क्यांवर राहिलं की बरणीत आंबतो. भुदरगड-राधानगरीच्या जंगलपट्ट्यातसुद्धा भरीचा मध जांभूळ फुलल्यावर, उन्हाळ्यातच येतो.

सध्या काम आहे ते पेटी सावरण्याचं. उघडीप मिळाली की सकाळी दहा-अकराच्या सुमारास पेटी उघडा आणि तळपाट, म्हणजे तळाची फळी, खरवडून काढा. पोळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आणि काळी लेंडी दिसली तर तो मेणकिडा. माश्या बसत नाहीत अशी जुनी काळी पोळी काढून टाका, कारण किडा तिथंच वाढतो. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही बघा. मुंगळ्यांनी एकदा वाट धरली की माश्या पेटी सोडून जातात.

अन्न कमी वाटलं तर एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. आपल्याकडं गूळ घरचा म्हणून कुणी गुळाचं पाणी देतं, त्यानं माश्यांना हगवण लागते. आणि मधकोठी चढवली की साखरपाणी बंद. नाहीतर सभासदांच्या बरणीत साखरच जाणार.

सोयाबीनला मात्र थांबायला वेळ नाही. पानं गळून शेंगा तपकिरी झाल्या की कापा, उशीर झाला तर शेंगा शेतातच तडकतात. परतीचा पाऊस अंगावर असेल तर ओल्या पेंढ्यांची गंजी लावू नका, आतून तापून बुरशी धरते. पातळ पसरा, ताडपत्री हाताशी ठेवा. साठवताना दाण्यात ओल 10 ते 12 टक्के असावी. आजऱ्याकडचा घनसाळ भात उशिरा पिकतो, त्याला घाई नको.

कापणीच्या भरात बांध मात्र चकाचक करू नका. रान एकदम मोकळं झालं की माश्यांना चरायला काही उरत नाही. बांधावरचं कारळं आणि कडेचा झेंडू राहू द्या, कोथिंबिरीचा एखादा वाफा न काढता फुलू द्या. टोपलीत चार वाकड्या, एका टोकाला बारीक काकड्या येत असतील तर फुलांवर माशी पुरेशी फिरली नाही, हेही एक कारण असतं.

तुरीवर शेंगा पोखरणारी अळी याच काळात येते. 5 टक्के निंबोळी अर्क मारायचा तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारा. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं नकोच. शेजारचा फवारणार असेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या आणि त्या वेळेपुरती पेटी ओल्या पोत्यानं झाका. पोतं हवा जाईल असं सैल असावं.

पुढं गुऱ्हाळं पेटतील. रान कोरडं असलं की माश्या रसाकडं धावतात आणि काहिलीत पडून मरतात. रसाच्या टाकीवर बारीक जाळी टाका, गाळलेली मळी उघडी ठेवू नका. नव्या पेट्या गुऱ्हाळाजवळ मांडूच नका.

दिवाळीच्या सुट्टीत सभासद पोराबाळांसह शेत बघायला येतात. अत्तर लावून येऊ नका, पेटीच्या तोंडासमोर उभं राहू नका, हे आधीच कळवा. काटा लागला तर नखानं लगेच खरवडून काढायचा. कुणाला धाप लागली किंवा तोंड सुजलं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात न्या.