फोन एका भाषेचा, स्टिक दुसऱ्या भाषेची: तरी स्क्रीन टीव्हीवर कशी आणायची?

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मारोतीच्या देवळासमोर पोट्ट्यांनी लाकडी नंदी सजवून आणले होते. पुण्याहून आलेल्या भाच्यानं आयफोनवर सगळं टिपलं. कोणाच्या नंदीला झूल, कोणाच्या शिंगांना बेगड, बोजाऱ्याच्या, म्हणजे नंदी घरोघरी नेल्यावर मिळणाऱ्या, दहा रुपयांवरून दोघांची लागलेली जुंपी. संध्याकाळी माय म्हणाली, "त्या इतकुशा फोनात मले काही दिसून नाही रायलं. टीव्हीवर लाव ना बापा."

आमचा टीव्ही साधा, ३२ इंची. मागं फायर टीव्ही स्टिक, म्हणजे साध्या टीव्हीला स्मार्ट करणारं अॅमेझॉनचं छोटं यंत्र, खोचलेली. भाच्यानं फोनवर 'स्क्रीन मिररिंग', म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवायचं बटण, दाबलं. चकरी फिरत राहिली, स्टिकचं नाव काही येईना.

"मामा, तुमची स्टिक गेली वाटते."

"गेली नाही रे. तुझा फोनही धड आहे अन् स्टिकही धड आहे. दोघं एकमेकांची भाषा बोलत नाहीत, एवढंच."

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं मोबाईल रिचार्ज अन् दुरुस्तीचं दुकान आहे. हीच तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतच असतं. बहुतेकांनी तोवर चार-पाच अॅप टाकून पाहिलेली असतात, दोन वेळा स्टिक रिसेट केलेली असते. तुम्ही तसं करू नका. अॅप नंतर, आधी जोडी ओळखा.

तीन भाषा

पहिली मिराकास्ट. वाय-फाय अलायन्सनं ती २०१२ साली आणली. यात फोन आणि टीव्हीचं यंत्र थेट एकमेकांशी जोडलं जातं. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेट तर नाहीच नाही. वावरातल्या घरात, जिथं मोबाईलला एक दांडी येते अन् जाते, तिथं हीच सगळ्यात कामाची.

दुसरी गूगल कास्ट. २०१३ साली क्रोमकास्ट या गूगलच्या, टीव्हीला खोचायच्या यंत्राबरोबर आली. हिच्यात फोन आणि टीव्हीचं यंत्र एकाच वाय-फायवर असावं लागतं.

तिसरी अॅपलची एअरप्ले. आयफोनला आपला पडदा टीव्हीवर दाखवायचा तर हीच येते, बाकीच्या दोन नाहीत.

आता तुमच्या घरात काय आहे ते पाहा. सॅमसंगमध्ये 'स्मार्ट व्ह्यू', शाओमीत 'कास्ट', ओप्पो-रियलमीत 'स्क्रीनकास्ट' अशी नावं वेगळी, पण हे फोन साधारणपणे मिराकास्ट बोलतात. गूगलच्या पिक्सेलचं तसं नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हा गूगलनं आपल्या मूळ अँड्रॉइडमधून मिराकास्ट काढून टाकलं. ज्या कंपन्यांनी ते स्वतःहून ठेवलं त्यांच्याच फोनमध्ये ते राहिलं.

टीव्हीच्या बाजूनं पाहिलं तर फायर टीव्ही स्टिकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मिराकास्ट आहे, सगळ्यांत नाही. खात्री करणं सोपं आहे. रिमोटवरचं घराचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पडद्यावर 'मिररिंग' असं चौकट आलं तर आहे, नाही आलं तर 'डिस्प्ले अँड साउंड्स' या सेटिंगमध्ये एकदा शोधा. तिथंही नसेल तर त्या मॉडेलमध्ये नाही. क्रोमकास्ट, अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्ही गूगल कास्ट बोलतात. डिश किंवा फायबरवाले देतात त्यातले अँड्रॉइड टीव्हीवर चालणारे डबेही याच घरातले.

म्हणजे सॅमसंगचा फोन आणि मिराकास्टवाली फायर स्टिक असेल, तर घराचं बटण दाबून 'मिररिंग' निवडा, फोनमध्ये 'स्मार्ट व्ह्यू' लावा, नाव आलं की दाबा. तुमचं काम झालं, पुढचं वाचू नका. क्रोमकास्ट आणि कोणताही अँड्रॉइड फोन असेल तर 'गूगल होम' अॅप उघडा, यंत्राच्या नावावर जा, 'कास्ट माय स्क्रीन' दाबा. तेही झालं.

खरी अडचण आयफोन आणि फायर स्टिक, आयफोन आणि गूगल टीव्ही, पिक्सेल आणि फायर स्टिक या जोड्यांची. तिथं मध्ये दुभाषी बसवावा लागतो. हा दुभाषी म्हणजे टीव्हीच्या यंत्रात टाकायचं एक अॅप. बाजारात अशी बरीच आहेत. मी 'एअरस्क्रीन' वापरतो, कारण ते एकटंच एअरप्ले, गूगल कास्ट, मिराकास्ट आणि डीएलएनए (घरातल्या यंत्रांनी एकमेकांना फोटो-व्हिडिओ पाठवायची पद्धत) या चारही तऱ्हा ऐकून घेतं.

आधी वाय-फायचं पाहा

गावाकडं नव्वद टक्के घोळ इथंच होतो. शहरातला लेखक लिहून मोकळा होतो, 'दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर जोडा'. आपल्याकडं राउटर कोणाच्या घरी आहे? सगळा कारभार हॉटस्पॉटवर.

तर हॉटस्पॉट शक्यतो तिसऱ्या फोनवरून घ्या. ज्या फोनची स्क्रीन दाखवायची त्याच फोनचा हॉटस्पॉट असला, तर काही फोनमध्ये जमतं, काहींत यंत्राचं नावच येत नाही. घरात जुना, काच फुटलेला, कोणी न वापरणारा अँड्रॉइड असतोच. त्यात सिम टाका, चार्जिंगला लावा, त्याला हॉटस्पॉट करा. मग टीव्हीची स्टिक आणि दाखवायचा फोन, दोन्ही त्याला जोडा. दोन्ही जोडूनही एकमेकांना दिसत नसतील, तर तो फोन जोडलेल्या यंत्रांना आपसात बोलू देत नसेल. हॉटस्पॉटचा फोन बदलून पाहा. आमच्या घरी त्या दिवशी हेच झालं. माझ्या फोनवरून काही जमेना, शेजारच्या काकूंचा फोन आणला अन् पहिल्याच झटक्यात नाव आलं.

आयफोनचाच हॉटस्पॉट वापरायची वेळ आली आणि स्टिकला तो दिसत नसेल, तर 'पर्सनल हॉटस्पॉट'मध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' हे चालू करा. आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत ते आहे. त्यानं हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो, जो जुन्या यंत्रांनाही पकडता येतो.

डेटा किती जाईल ही भीती सगळ्यांना असते. फोनमध्ये साठवलेला फोटो किंवा व्हिडिओ दाखवताना तो घरातल्या घरातच जातो, त्यानं पॅक संपत नाही. डेटा जातो तो अॅप उतरवताना आणि यूट्यूबसारखं बाहेरून येणारं काही लावलं तर.

आता पायरीनं

१. स्टिकच्या मुख्य पडद्यावर शोध उघडा, एअरस्क्रीन हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका, अॅप उतरवून घ्या. अँड्रॉइड टीव्ही असेल तर हेच प्ले स्टोअरमधून. एक ध्यानात ठेवा: २०२५ पासून अॅमेझॉननं काही नव्या स्टिकमध्ये अँड्रॉइडवर न बेतलेली व्हेगा नावाची प्रणाली घातली आहे. त्यात अॅमेझॉनच्या दुकानात असेल तेवढंच अॅप मिळतं, बाहेरून फाइल आणून टाकता येत नाही.

२. अॅप उघडा. सेटिंगमध्ये एअरप्ले चालू आहे ना ते पाहा. पडद्यावर यंत्राचं नाव येतं, ते वाचून ठेवा. अॅप बंद करू नका, टीव्हीवर ते तसंच उघडं राहू द्या. निम्मे लोक इथं घराचं बटण दाबून बाहेर येतात आणि मग फोनमध्ये नाव शोधत बसतात.

३. आयफोनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढा. खाली गोल बटणवाला जुना आयफोन असेल तर खालून वर. एकावर एक चढलेल्या दोन चौकटींचं चिन्ह दिसेल, ते 'स्क्रीन मिररिंग'. त्यात टीव्हीवर वाचलेलं नाव निवडा.

४. फोन आडवा करा. चित्र आडवं होत नसेल तर तिथंच, त्याच जागी, फोन फिरण्याचं कुलूप लागलेलं असेल, ते काढा.

आमच्याकडं चौथ्या पायरीला माय जवळ सरकून बसली. पडद्यावर पहिले भाच्याच्या फोनचा अख्खा चेहरामोहरा आला, सत्तर-ऐंशी अॅपची गर्दी, अन् मग नंदी. आवाज चित्राच्या जरा मागं होता. तेवढं चालतं. या मार्गानं क्रिकेटचा गेम खेळायला जाल तर बॉल दांडीवर आपटल्यावर बॅट फिरेल.

पिक्सेलवाल्यांनी एअरस्क्रीनमध्ये गूगल कास्ट चालू करून 'गूगल होम'मधून पाहावं. हे कधी लागतं, कधी अडून बसतं, मी हमी देत नाही. अडलं तर फार डोकं लावू नका. यूट्यूब दाखवायचं असेल तर मिररिंगची गरजच नाही. स्टिकवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही कोड' मिळतो, तो फोनच्या यूट्यूबमध्ये टाकला की फोन रिमोट होतो. फोन आणि टीव्ही वेगळ्या नेटवर असले तरी हे जमतं.

पडदा काळा, आवाज चालू

नेटफ्लिक्स, प्राइम यांसारख्या अॅपचा सिनेमा मिररिंगवर बहुतेक वेळा काळा दिसतो. काही बिघडलेलं नसतं, नक्कल होऊ नये म्हणून ती अॅप चित्र अडवतात. त्यांचं अॅप सरळ स्टिकवर उघडा. बँकेची अॅपही अशीच काळी होतात, अन् ते बरंच आहे.

कारण बाकी सगळं दिसतं. मागच्या वर्षी एका घरी साक्षगंधाचे फोटो टीव्हीवर लावून दिले होते. पाहुणे भरलेले, व्याही समोर खाटेवर. अन् नवरदेवाच्या बापाच्या फोनवर पीककर्जाच्या थकबाकीचा मेसेज आला, रकमेसकट, ४३ इंचावर. कोणी काही बोललं नाही, पण चहा जरा लवकर आला. तेव्हापासून मी मिररिंग लावायच्या आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावतोच.

याच्याच जोडीला एक सांगून ठेवतो. तुम्ही स्वतः बसून आपल्या टीव्हीवर स्क्रीन दाखवता ते वेगळं. फोन करून कोणी अनोळखी माणूस 'स्क्रीन शेअरचं अॅप टाका' म्हणाला, तर फोन ठेवून द्या. अशा अॅपमधून खाती रिकामी होतात, याबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच इशारा दिला होता. मिररिंगचं अॅपही जर संपर्कयादी किंवा मेसेजची परवानगी मागत असेल, तर ते काढून टाका. फोटो दाखवायला त्याला तुमचे मेसेज कशाला हवेत?

अडकत असेल, बंद पडत असेल

स्टिकला वीज कुठून देता ते पाहा. टीव्हीच्या यूएसबीतून दिली की बऱ्याच जुन्या टीव्हींत ती पुरत नाही, मग ऐन वेळी स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. सोबत आलेलं अॅडॉप्टर लावा. रात्री कृषिपंप सुरू झाले की आमच्याकडं दिवे पिवळे पडतात, तेव्हाही असं होतं. त्यावर उपाय स्टॅबिलायझर, अॅप नव्हे.

उन्हाळ्याचं वेगळं. अॅपल सांगतं, आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे पस्तिशी आपल्याकडं रात्री. मिररिंगमध्ये फोन तसाही तापतो. कव्हर काढा, कूलरच्या वाऱ्यात ठेवा, पण पाण्याचे थेंब उडतात तिथं नको. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर स्टिक मागं कोंडते. सोबत छोटी एचडीएमआय वायर येते, ती लावून स्टिक बाजूला काढा. त्यानं वाय-फायही सुधारतो.

पेनड्राइव्हला कमी लेखू नका

लग्नाचे सातशे फोटो दाखवायचे असतील तर मी गिऱ्हाइकाला मिररिंग सांगतच नाही. टीव्हीला यूएसबीची खाच आहे ना? फोनमधून ओटीजीनं, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह लावायच्या छोट्या जोडणीनं, पेनड्राइव्हवर घ्या अन् टीव्हीला लावा. अडत नाही, तापत नाही, पाहुण्यांना मेसेज दिसत नाहीत. पेनड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, लांबलचक व्हिडिओ मध्येच अडला तर हे कारण. आयफोनचे फोटो-व्हिडिओ जुन्या टीव्हीवर उघडत नाहीत, तर फोनच्या 'कॅमेरा' सेटिंगमध्ये 'फॉर्मॅट्स'वर जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मात्र हे पुढच्या शूटिंगला लागू होतं, आधी काढलेलं बदलत नाही.

झाल्यावर फोनवर पुन्हा त्याच दोन चौकटींवर जाऊन 'स्टॉप मिररिंग' दाबा आणि हॉटस्पॉट बंद करा. त्या रात्री आम्ही ते विसरलो. मायनं नंदीवाला व्हिडिओ तीनदा लावायला लावला, मग सगळे झोपले. काकूंचा फोन खिडकीत तसाच राहिला, अन् पासवर्ड टाकताना पोट्टे मागं उभे होते. सकाळी फोन नेऊन दिला तेव्हा त्यांचा दिवसाचा पॅक संपल्याचा मेसेज आलेला होता, अन् ओट्यावर चौघं जण माना घालून बसलेले.