स्टीमवर रिफंड कसा घ्यायचा आणि कुठे घेऊ नये

भाऊ, स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तर आधी तिथला नियम समजून घ्या. गेम घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ 2 तासांपेक्षा कमी असेल तर कारण काहीही सांगा, पैसे परत मिळतात, 2015 पासून असंच चालू आहे. सपोर्टमध्ये जायचं, खरेदीच्या यादीतून गेम निवडायचा, रिफंड मागायचा, झालं.

पण मीटर कशावर पळतं ते बघा. गेम नुसता उघडा असला तरी वेळ मोजला जातो. माझा चुलतभाऊ भुसावळला, मे महिना, लॅपटॉप तव्यासारखा तापलेला, तासभर ग्राफिक्सच कमीजास्त करत बसला आणि गेम तसाच उघडा ठेवून जेवायला उठला, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन आला तर 2 तास 10 मिनिटं झालेली. रिफंड नामंजूर. म्हणून पहिल्या 20 मिनिटांतच गेम अडकतो का ते बघा, नाही जमलं तर लगेच बंद करा.

आता महत्त्वाचं. काही गेम दीड तासातच संपतात, एकट्यादुकट्या माणसाने वर्ष वर्ष खपून बनवलेले असतात, आणि लोक पूर्ण खेळून, वर चांगला रिव्ह्यू टाकून पैसे परत घेतात. नियमात बसतं हो, पण शेवटपर्यंत खेळलात, आवडला, तर तिथे रिफंड मागू नका. त्या माणसाने पुढचा गेम कशाच्या जोरावर बनवायचा? गेम किती तासांचा आहे ते रिव्ह्यूत बघूनच घ्या, महाग वाटला तर सेलपर्यंत थांबा.