जुन्या फ्लॅटचं वायरिंग नव्या नियमांत आणताना: झिरी मारण्याआधीची तयारी

१९८५ ते १९९५ च्या दरम्यान पुणे, ठाणे, नाशिक भागांत जे फ्लॅट बांधले गेले, त्यांतलं वायरिंग ट्यूबलाइट, पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही आणि फार तर एक गीझर एवढ्यापुरतंच होतं. त्याच तारांवर आज दोन एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणारं वॉशिंग मशीन चालतं. असं घर आजच्या नियमांत बसवायचं असेल तर दुकानात जाऊन मॉड्युलर स्विच निवडणं हे सगळ्यात शेवटचं काम. तारांसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारण्याआधीची खालची तयारी सोसायटीतला सिंगल फेजचा २ बीएचके फ्लॅट धरून केलेली आहे. स्वतंत्र घराला अर्थिंगचा भाग जास्त लागू पडेल.

घरगुती वायरिंगसाठी आयएस (भारतीय मानक) ७३२ ची २०१९ ची आवृत्ती, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ची २०१८ ची आवृत्ती, शिवाय २०२३ ची राष्ट्रीय विद्युत संहिता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम हे आधार आहेत. घरमालकाच्या दृष्टीने त्यांचा गाभा एवढा: प्रत्येक पॉइंटपर्यंत अर्थची तार, ३० मिलीअँपियरचं गळती-संरक्षण, भाराला पुरेल इतकी जाड तार, आणि काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून. ठेकेदाराचा परवाना क्रमांक कोटेशनवरच लिहून घ्या, कारण वीजभार वाढवायचा असेल तर वीज कंपनीला त्याच्याच सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मीटर आणि त्याचं सील कंपनीचं असतं, त्याला वायरमनने हात लावायचा नाही. मीटरपासून फ्लॅटपर्यंतची केबल मात्र आपली जबाबदारी आहे, आणि नेमकी तीच बदलायची राहून जाते.

पहिली तपासणी अर्थिंगची. बाकी सगळं उत्तम झालं आणि अर्थ कच्चा राहिला तर पैसे वाया गेले असं समजा. जुन्या फ्लॅटमध्ये तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या जाड पिनेला मागे तारच नसते, किंवा तिथून न्यूट्रलला छोटी जोड दिलेली असते. ही जोड फार घातक. वरची न्यूट्रल कुठे सुटली की फ्रिजच्या पत्र्याच्या अंगात फेजची वीज येते. म्हणून डीबी (घरातली मुख्य वीजपेटी) उघडण्याआधी मीटर रूममध्ये जाऊन सोसायटीची अर्थपट्टी बघा. मीटर बदलताना किंवा रंगकामाच्या वेळी काढलेली पट्टी पुन्हा न जोडता तशीच लोंबकळत राहिल्याचं पुष्कळ इमारतींत सापडतं.

मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दाखवले म्हणून अर्थ चांगला ठरत नाही. मल्टिमीटर जवळपास प्रवाहच ओढत नाही, त्यामुळे गंजून एका धाग्यावर आलेली तारही त्याला चांगलीच वाटते. काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघतात. तसं करू देऊ नका. अर्थ खाली तुटलेला असेल तर त्या बल्बमधून येणारी वीज त्या अर्थवर जोडलेल्या सगळ्या घरांतल्या गीझरच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर जाते. योग्य साधन म्हणजे फेजपासून अर्थपर्यंतचा पूर्ण मार्ग मोजणारा लूप टेस्टर, आणि जमिनीतल्या अर्थच्या खड्ड्यासाठी दोन खुंट्या ठोकून मोजणारा अर्थ टेस्टर. अर्थच्या रोधाचं मोजमाप ओहममध्ये येतं, जितकं कमी तितकं चांगलं. ते शक्यतो एप्रिल-मेमध्ये घ्या. जमीन कोरडी असते, म्हणून आकडा वर्षातला सगळ्यात वाईट येतो आणि तोच खरा. श्रावणात घेतलेला चांगला आकडा उन्हाळ्यात टिकेलच असं नाही.

नवा खड्डा करावा लागला तर पाइप अर्थिंगला ४० मिमी व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरतात. ५ ओहमच्या आत आकडा आणायचा असं उद्दिष्ट सहसा ठेवलं जातं. मुरूम किंवा कातळ लागला, किंवा कोकणातला जांभा असला, तर एका पाइपने ते जमत नाही. दुसरा पाइप पुरून दोन्ही जोडावे लागतात, आणि त्यांच्यात निदान पाच मीटर अंतर हवं. जवळजवळ पुरले तर दुसऱ्याचा फायदा फारसा मिळत नाही. मीठ-कोळशाने आकडा लवकर खाली येतो, पण मीठ पाइप खातं आणि पावसात वाहूनही जातं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) महाग पडलं तरी टिकतं.

अर्थ चांगला असताना आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. हिशेब साधा आहे. अर्थ ५ ओहमचा असेल तर गीझरमध्ये फेज पत्र्याला लागल्यावर २३० भागिले ५ म्हणजे फार तर ४६ अँपियर वाहतील. सी प्रकारची २० अँपियरची एमसीबी (जादा भारावर आपोआप पडणारा स्विच) तत्क्षणी पडायला १०० ते २०० अँपियर लागतात. ४६ अँपियरवर ती तापून पडेल, पण त्याला काही सेकंदांपासून मिनिटभर वेळ लागू शकतो आणि तोवर पत्रा जिवंत असतो. ३० मिलीअँपियरची आरसीसीबी त्याच दोषावर निमिषात उडते. एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आरसीसीबीला जादा भार कळत नाही, म्हणून तिच्यामागे तिच्या क्षमतेइतकी किंवा त्याहून कमी क्षमतेची एमसीबी हवीच. घेताना ‘ए’ प्रकार मागा. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी गळती ‘एसी’ प्रकारच्या (इथे एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे) स्वस्त आरसीसीबीला नीट ओळखता येत नाही.

आता भार कागदावर मांडा. दीड टनाचे दोन एसी ३.२ किलोवॅट, गीझर २, इंडक्शन २, वॉशिंग मशीन २, मायक्रोवेव्ह १.२, दिवे-पंखे-फ्रिज-टीव्ही मिळून साधारण सव्वा: बेरीज साडेअकराच्या वर, म्हणजे पन्नास अँपियर. सगळं एका वेळी चालत नाही. खरा ताण सकाळी असतो: गीझर, इंडक्शन, मशीन आणि बारीकसारीक मिळून सात किलोवॅट, म्हणजे तीस अँपियर. त्यावर थोडी जागा ठेवून मुख्य एमसीबी ४० अँपियरची दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) आणि मीटरपासूनची केबल १० चौ.मिमी तांब्याची धरा. ६ चौ.मिमी तारांच्या पाइपात या भाराला काठावर येते. बिलावर मंजूर भार दोन-तीन किलोवॅट लिहिलेला असेल तर वाढीव भाराचा अर्ज काम सुरू होण्याआधी करा.

सर्किटं वेगळी करणं हा या कामातला सगळ्यात उपयोगी भाग, आणि काटकसर नेमकी इथेच केली जाते. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको, म्हणून दोन सर्किटं, १.५ चौ.मिमी तार, १० अँपियरची एमसीबी. १६ अँपियरची सॉकेटं एका सर्किटवर दोनच. स्वयंपाकघराला दोन सर्किटं, गीझरला एक, प्रत्येक एसीला एक आणि वॉशिंग मशीनला एक: या सगळ्यांना ४ चौ.मिमी आणि २० अँपियर. फ्रिजला स्वतंत्र एक आणि हॉल-बेडरूमच्या सहा अँपियरच्या सॉकेटांना एक, दोन्ही २.५ चौ.मिमी आणि १६ अँपियर. झाली दहा. डीबीतली जागा घरांत (खाच्यांत) मोजतात. मुख्य एमसीबीची दोन घरं, दोन आरसीसीबींची चार, विजेच्या लाटेपासून वाचवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरची दोन, दहा सर्किटांची दहा: अठरा. म्हणजे सोळा घरांची डीबी आणली तर ती पहिल्याच दिवशी अपुरी. दोन ओळींची चोवीस घरांची घ्या. दिवे, सॉकेटं आणि फ्रिज एका आरसीसीबीवर ठेवा. गीझर, मशीन, स्वयंपाकघर आणि एसी दुसरीवर. गीझरने एक उडवली तरी घरात अंधार होत नाही आणि गावाला गेलेले असताना फ्रिज बंद पडत नाही.

आरसीसीबी बसवल्यावर ‘ती सारखी पडते, काढून टाका’ असं सांगणारा वायरमन भेटला तर समजा की न्यूट्रल एकत्र झाल्या आहेत. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी हवी, आणि तिच्यावरच्या सर्किटांच्या न्यूट्रल त्याच पट्टीवर यायला हव्यात. जुन्या वायरिंगमध्ये बेडरूमच्या दिव्याला फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल शेजारच्या बोर्डातून उचललेली असते, विशेषतः दोन जागी स्विच असलेल्या दिव्याला. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह जुळत नाहीत म्हणून आरसीसीबी पडते. तिचा दोष नसतो. इन्व्हर्टरचंही तेच. त्याचं इनपुट आरसीसीबीच्या आधीचं आणि दिव्यांची न्यूट्रल नंतरची असली की वीज आल्याबरोबर ती उडणारच. इन्व्हर्टरवर कोणते पॉइंट ठेवायचे ते आत्ताच ठरवा, त्यांची फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळी ओढून घ्या, आणि इनपुट त्याच आरसीसीबीवर घ्या.

तारा घेताना जुने वायरमन अजून गेजमध्ये बोलतात, तेव्हा आकडे जवळ ठेवा (आधी धाग्यांची संख्या, मग गेज). १/१८ म्हणजे जेमतेम सव्वा चौ.मिमीच्या आत, ३/२० म्हणजे दोनच्या आसपास, ७/२० म्हणजे साडेचार. जुन्या घरात गीझरला ३/२० ओढलेली असते आणि एमसीबी पडते म्हणून कुणीतरी ३२ अँपियरची बसवलेली असते. मग तार तापते, एमसीबी शांत राहते. भिंतीत ॲल्युमिनियमची तार निघाली तर जोड मारून तांब्याला लावू नका. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड धरतं, स्क्रू सैल होतो आणि जोड जळतो. ती पूर्ण काढायची. नवी तार आयएसआय चिन्हाची, तांब्याची, कमी धुराची. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. एकाच रंगाची कॉइल स्वस्त मिळाली म्हणून सगळीकडे वापरू देऊ नका. अर्थची तार फेजइतकीच जाड. हिशेब करताना डीबीपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग टेपने मोजा, तिनाने गुणा, दहा टक्के वाढवा. गीझरचा मार्ग १४ मीटर निघाला तर ४२ आणि वर चार-पाच, म्हणजे तिन्ही रंग मिळून ९० मीटरच्या एका कॉइलच्या निम्म्याएवढी.

झिऱ्या मारण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि बीम-कॉलमवर मशीन चालणार नाही हे ठेकेदाराला भिंतीवर खडूने आखून दाखवा. तारांचा पाइप २५ मिमीचा घ्या. २० मिमीत ४ चौ.मिमीच्या सहा तारा कोंबल्या की ओढताना इन्सुलेशन सोलतं आणि पुढे बदलायची वेळ आली तर एकही तार सरकत नाही. पाइपात जोड एकही नको. जोड फक्त बोर्डात किंवा झाकण उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये. गीझरचा दोन पोलचा २० अँपियरचा स्विच बाथरूमच्या बाहेर. बाथरूममध्ये पाणी उडेल तिथे सॉकेट नकोच.

प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावलेला फोटो काढून ठेवा. त्यानंतरची चाचणी ठेकेदाराने तुमच्यासमोर करावी: सगळी उपकरणं काढून, सर्ज प्रोटेक्टर सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन. १ मेगओहमच्या खाली काहीही आलं तर तो पाइप पुन्हा उघडायचा. नव्या तारेचा आकडा त्याच्या कितीतरी पट वर असतो. भिंत ओली असताना आकडा कमी येतो, तेव्हा आठवडाभर वाळू देऊन पुन्हा मोजा. मग प्रत्येक सॉकेटवर लूप टेस्टर, आरसीसीबीचं बटण आणि ती किती मिलीसेकंदांत पडली त्याची नोंद. सगळे आकडे सर्किटवार एका कागदावर, तारीख आणि परवाना क्रमांकासह. त्याची एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, शेवटचा हप्ता त्यानंतर द्या, आणि आरसीसीबीचं बटण दर तीन महिन्यांनी एकदा दाबत जा.