कोरांटी: आर्द्रात लावा, मघा लागल्या की कात्री ठेवून द्या

आर्द्रा लागल्या, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा. इंदुरात दोन-तीन दमदार सरी होऊन गेल्या आणि काळी माती खुरप्याला चिकटू लागली. कोरांटीच्या फांद्या लावायला वर्षात याहून चांगले दिवस नाहीत. ज्यांना कुंपणालगत दहा-बारा झाडं हवी आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. राऊ, सिमरोल, हातोदकडे थोड्या जागेत सुटी फुलं काढून मंडीत नेणाऱ्यांसाठीही आहे.

कोरांटी आपल्या मातीतलंच झुडूप आहे. जांभळी, गुलाबी, पांढरी आणि पांढऱ्यावर जांभळ्या रेघांची कोरांटी एकाच जातीची, बार्लेरिया क्रिस्टाटा. पिवळी वेगळी, बार्लेरिया प्रायोनायटिस. तिच्या पानांच्या बेचक्यात लांब टोकदार काटे असतात. बकऱ्या फिरतात अशा बांधावर पिवळी लावा. घराजवळ, जिथे लहान मुलं खेळतात आणि रोज फुलं तोडायची आहेत, तिथे जांभळी किंवा पांढरी लावा. हिच्या फुलाखालची हिरवी आवरणंही बोटाला थोडी टोचतात, पण त्याची सवय होते.

रोपवाटिकेत 'कोरांटी' म्हटलं तर इथे बहुतेकांना कळत नाही. कटसरैया म्हणा. वज्रदंती म्हटलं तर पिवळीच पुढे येईल, कारण तिची पानं दातदुखीवर चघळतात. मला एकदा कोरांटी म्हणून अबोलीची वीस रोपं मिळाली होती. एकाच कुळातल्या असल्या तरी अबोली थंडीला नाजूक. पहिल्याच कडक हिवाळ्यात तिची पानं काळी पडली. म्हणून शक्यतो फुललेल्या झाडाची फांदी मागून आणा. सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर भागातल्या जुन्या घरांच्या अंगणांत कोरांटी सापडते आणि मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

आता मातीचं. 'मालव भूमि गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर' हे इथलं कौतुकाचं बोलणं, पण कोरांटीला हे पग-पग नीरच मारतं. ऊन सोसेल, मे महिन्यातला कोरडा वारा सोसेल, पंधरा दिवस पाणी विसरलात तरी तग धरेल. मुळाशी तीन दिवस पाणी साचलं तर मात्र मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि झाड उन्हानं सुकल्यासारखं मलूल दिसतं. अशा वेळी सुकलंय समजून माणूस आणखी पाणी घालतो. पहिल्या वर्षी मी हेच केलं. सपाट जमिनीत खड्डे करून चाळीस रोपं लावली, गणपती येईपर्यंत त्यातली अकरा उरली. काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, पाणी खाली मुरतच नाही. तेव्हापासून मी खड्डा करत नाही, वरंबा करते. जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच वरंबा ओढा, त्यात मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा आणि सरीला उतार देऊन पाणी बाहेर काढा. हे काम वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकटेनाशी झाल्यावरच करायचं. चिखलात फावडं घातलं तर पुढे विटेसारखी ढेकळं होतात.

कुंपणासाठी दोन झाडांत पन्नास सेंटिमीटर अंतर ठेवा. फुलांसाठी लावत असाल तर ओळीत नव्वद आणि झाडात साठ सेंटिमीटर सोडा, म्हणजे शंभर चौरस मीटरला साधारण एकशे पंच्याऐंशी झाडं बसतात. यापेक्षा दाट लावलं की तोडणीला आत शिरता येत नाही. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळालं पाहिजे. अर्ध्या सावलीत झाड जगतं, पण लांबट होतं आणि फुलं कमी येतात.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. झाडामागे दोन-तीन किलो शेणखत किंवा कंपोस्ट एकदाच, लावताना. युरिया घातला की पानं मोठी होतात आणि कळ्या कमी. कंपोस्ट घरी करणं या गावाला तरी नवं नाही. आज कृषी महाविद्यालय आहे त्याच आवारात 1924 पासून इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. पावसाळ्यात मात्र तीसुद्धा खड्ड्यात नको, पाणी भरतं. जमिनीवर ढीग रचा आणि तीन वेळा खालीवर करा. आत्ता रचलेला ढीग दसऱ्याच्या सुमारास तयार होईल. या लागवडीला जुनं खत वापरा.

फांदी निवडताना ना कोवळी ना जून, अशी घ्या. दहा-बारा सेंटिमीटर लांब, तीन-चार पेरांची. खालची पानं काढा, सर्वांत खालच्या पेराच्या लगेच खाली तिरपा काप द्या आणि निम्म्या वाळूच्या मिश्रणात पिशवीत खोचून सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळ्या धरतात. त्या आधी फांदी उपटून बघण्याचा मोह टाळा. कुणाकडे जुनं झाड असेल तर त्याच्याखाली या दिवसांत आपोआप उगवलेली रोपं दिसतील. ती मातीसकट उचलून लावलेली सर्वांत लवकर धरतात.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. प्रत्येक खुडणीनंतर दोन फांद्या फुटतात आणि फुलं मुख्यतः फांदीच्या टोकाकडे येतात, म्हणून जितकी टोकं तितकी फुलं. मागच्या वर्षीच्या झाडांचे शेंडेही आत्ता, पुनर्वसू-पुष्यापर्यंत खुडत राहा. पण मघा लागल्या, म्हणजे ऑगस्टचा मध्य उलटला, की कात्री खुंटीला टांगून ठेवायची. दिवस लहान होऊ लागले की ही झाडं कळी धरतात, आणि त्यानंतर कापलेल्या प्रत्येक शेंड्याबरोबर दिवाळीची फुलं जातात. गणपतीत अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून कोरांटीची भिंत छाटून घेणारी घरं मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी जीव हळहळतो. माळी ठेवला असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा.

फुलं दसऱ्याच्या पुढेमागे सुरू होतात आणि मार्गशीर्षात भरात असतात. गुरुवारची पूजा, वेणी, देवाचा हार यासाठी ती सुटीच विकली जातात. लांब दांड्याच्या फुलदाणीचं हे फूल नाही. फांदी पाण्यात ठेवली तरी फुलं एक-दोन दिवसांत गळतात, तेव्हा पुष्पगुच्छवाल्यांना शब्द देऊ नका. वासही नाही, पण जांभळ्या-पांढऱ्या वेणीची शोभा वेगळीच. तोडणी पहाटे करा. नळी चिमटीत धरून अलगद ओढली की फूल सुटून येतं. ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून उन्हं वर येण्याआधी मंडीत पोचवा. रोज तोडल्यानं बी धरत नाही आणि बहर जास्त दिवस टिकतो. आठवडाभर गावाला जायचं असेल तर तोडणी शेजाऱ्यांवर सोपवून जा.

रोगकीड फारशी नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण कालवून संध्याकाळी फवारा. पानांवर काळसर, काटेरी अळ्या दिसल्या तर मात्र थांबा. त्या बहुधा पॅन्सी फुलपाखरांच्या असतात. चार पानं खातील, झाडाला काही होत नाही. अशा झाडावर शिंजीर येऊन नळीत चोच घालतो तेव्हा ती पानं गेल्याचं कधी वाईट वाटत नाही.

थंडीत दहा-बारा दिवसांनी पाणी पुरे, तेही खुरप्यानं बोटभर माती उकरून कोरडी असेल तरच. पाला पडण्याची, म्हणजे दंव गोठण्याची रात्र वाटली तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. शेंडे करपले तरी लगेच कापू नका, ती काळी पानं खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर सगळं झाड जमिनीपासून फूटभरावर छाटा.

बी हवं असेल तर एक-दोन झाडं तोडणीतून वगळा. बोंडं तपकिरी झाली की त्यांवर मलमलची पिशवी बांधा, कारण वाळलं की बोंड तडकतं आणि बी दूर फेकतं. गोळा केलेलं बी धुऊ नका. पाणी लागलं की ते बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतं. कागदी पुडीत कोरडं ठेवा आणि पुढच्या मृगात पेरा.